वाचकांचे प्रश्न : समोरचा 'नाही' म्हणाला की प्रेमाचं काय होतं?

या महिन्यात गोव्यातून आलेल्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपात आलाय. साखळीचा मुलगा विचारतो माझं प्रेम खरं ना, म्हापशाची बाई विचारते याला प्रेम म्हणायचं का, डिचोलीचे एक वडील विचारतात मुलीचं आमच्यावर प्रेम उरलं नाही का. सगळी पत्रं एकत्र वाचताना जाणवलं की प्रत्येकात कुणीतरी कुणाला तरी 'नाही' म्हटलंय आणि गुंता तिथूनच सुरू झालाय. माझं मत आधीच सांगून टाकते, मग उत्तरं. प्रेम किती जोरात वाटतं यावरून ते ओळखता येत नाही. आपलं माणूस आपल्याला नको ते बोललं, नाही म्हणालं, की त्यानंतर आपण त्याच्याशी कसं वागतो तिथे ते कळतं. आणि मॅच्युरिटी मॅच्युरिटी म्हणतात ती काही वयाबरोबर आपोआप येत नाही, पन्नाशीतही आलेली नसते आणि कधीकधी विशीतल्या पोरांत दिसते.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, लांब पत्रं कापलीत.

"ताई, मी २४ वर्षांचा, साखळीचा. वेर्ण्याला औषध कंपनीत कामाला आहे. कॉलेजपासून एक मुलगी आवडते, दोन वर्षं आम्ही रोज बोलायचो. शिगम्याच्या वेळी मी तिला विचारलं तर म्हणाली तू चांगला आहेस पण मला तुझ्याबद्दल तसं काही वाटत नाही. तेव्हापासून जेवण जात नाही, रात्री तीन वाजेपर्यंत तिचं लास्ट सीन बघत पडलेला असतो. ती फोंड्याला कामाला जाते, तर सुट्टीच्या दिवशी मी संध्याकाळी कदंब बसस्टँडवर जाऊन थांबतो, बोलत नाही, फक्त लांबून बघतो. मित्र म्हणतात खरं प्रेम असेल तर ती एक दिवस येईलच. मी थांबायला तयार आहे. माझं प्रेम खरं आहे ना?"

तुझं दुखणं खरं आहे. त्यात काडीचीही शंका नाही, आणि घरचे किंवा मित्र हसण्यावारी नेत असतील तर ते चुकतायत. पण दुखणं खरं असणं वेगळं आणि त्याला प्रेम म्हणणं वेगळं, हे जरा शांतपणे बघूया.

तू जे लिहिलंयस ते जवळजवळ शब्दाला शब्द लावून अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनॉव्ह यांनी नोंदवून ठेवलंय. त्यांनी शेकडो लोकांशी प्रेमात पडण्याबद्दल बोलून या अवस्थेला 'लिमरन्स' असं नाव दिलं आणि १९७९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. डोक्यात सतत तेच माणूस, त्याच्या साध्या मेसेजचेही दहा अर्थ काढणं, छातीत कळ, भूक मरणं. आणि त्यांचं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण असं, की ही अवस्था आशा आणि अनिश्चितता या दोन्हीवर जगते. म्हणजे समोरून पक्कं 'हो' आलं तरी ती हळूहळू उतरते आणि पक्कं 'नाही' मनाने स्वीकारलं तरी उतरते, पण 'कदाचित' शिल्लक राहिलं की वर्षानुवर्षं चालते. तुझ्या बाबतीत त्या मुलीने 'कदाचित' म्हटलेलंच नाही रे. ते तू आणि तुझे मित्र मिळून रोज नव्याने तयार करताय.

शरीराचाही यात भाग आहे. इटलीत पिसा विद्यापीठात डोनातेल्ला मारात्सिती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नुकत्याच प्रेमात पडलेल्या २० जणांच्या रक्ताची तपासणी केली, शेजारी २० ओसीडीचे (तेच विचार, तीच कृती परत परत करायला लावणाऱ्या मानसिक आजाराचे) पेशंट आणि २० साधी माणसं. सेरोटोनिन नावाचं मेंदूतलं रसायन वाहून नेणारी जी यंत्रणा असते तिची मात्रा प्रेमात पडलेल्यांत आणि ओसीडीच्या पेशंटांत सारखीच कमी निघाली. वर्ष-दीड वर्षाने त्यातल्या काही प्रेमिकांना पुन्हा तपासलं तर आकडे नॉर्मलला आले होते. छोटासा अभ्यास आहे, त्यावर मोठ्या गोष्टी उभ्या करायच्या नाहीत, पण तुझ्यासाठी त्यात दिलासा आहे असं मला वाटतं. रात्री तीन वाजता फोन बघणारा हात हा तुझ्या प्रेमाच्या खोलीचा पुरावा नाही आणि तू कायमचा असाच राहणारही नाहीस.

आता कदंब स्टँड. यावर मी कडक बोलणार आहे. तुला वाटतं तू फक्त बघतोस. तिच्या बाजूने बघ, कामावरून दमून आलेली मुलगी बसची वाट बघतेय आणि ज्याला आपण स्पष्ट नकार दिला तो माणूस खांबाआड उभा आहे. एकदा जरी तिला दिसलास तरी पुढचे कित्येक महिने ती स्टँडवर शिरताना आधी आजूबाजूला बघेल. मुलीने नको म्हटल्यावरही पाठलाग करणं, परत परत संपर्काचा प्रयत्न करणं, ती ऑनलाइन काय करते यावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण कायदा बाजूला ठेवला तरी ज्या माणसावर जीव आहे त्याला आपल्यामुळे भीती वाटू नये, एवढं तरी तुझ्या प्रेमाने करायला हवं की नको?

आणि दोन वर्षं रोज बोलणं ही काही उधारी नव्हे की आता तिने ती प्रेमाने फेडावी. ती तुझ्याशी मैत्रीने बोलली, आणि वेळ आली तेव्हा टाळाटाळ न करता खरं सांगितलं, ते सोपं नसतं. तिचं म्हणणं पूर्ण उत्तर म्हणून घे.

आजपासून काय करायचं ते सांगते. तिचं चॅट डिलीट, स्टेटस म्यूट. मित्रांना सरळ सांग की तिची बातमी मला आणून देऊ नका आणि 'येईल येईल' तर अजिबात म्हणू नका. सुट्टीच्या संध्याकाळी फोंड्याकडे जायचं नाही, त्या वेळेला दुसरं काहीतरी बांधून ठेव, फुटबॉल, भजनाचा क्लास, मामाच्या कुळागरात काम, काहीही, फक्त घरात एकटं बसायचं नाही. दोन घास का होईना पण वेळेवर जेव. झोप आणि जेवण अजून दोन आठवडे असंच राहिलं, किंवा जगून काय करायचं असं मनात आलं तर त्याच दिवशी १४४१६ वर फोन कर, ही सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात, ओपीडी आहे. तिथे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे, हे एकविसाव्या शतकात सांगावं लागतं याचं मला वाईट वाटतं, पण सांगते.

"माझं वय ३३, म्हापसा. लग्नाला आठ वर्षं झाली, एक मुलगी आहे. नवरा क्रूझवर, आठ-नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट असतं मग दोन महिने घरी. बोटीवरून फोन आला की जेवलीस का, पोर झोपली का, बास, तीन मिनिटांत संपतं. माझ्या बहिणीचा नवरा तिच्या वाढदिवसाला रील टाकतो, क्वीन वगैरे लिहितो. आमच्यात तसलं काहीच नाही. आणि घरी आला की वेगळीच तऱ्हा, मी कशाला नाही म्हटलं, म्हणजे दर रविवारी सासूकडे नको, यावेळी मला घरी राहायचंय असं म्हटलं तरी चार-चार दिवस बोलत नाही. मग मी चिडते, भांडण होतं, आणि तो साईन ऑन करून निघून जातो. ताई, हे प्रेम आहे का नुसता संसार?"

तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न आहेत, एक 'जेवलीस का'चा आणि दुसरा चार दिवसांच्या अबोल्याचा. पहिल्यावर मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूने आहे, दुसऱ्यावर तुमच्या.

जॉन गॉटमन नावाच्या अमेरिकन संशोधकांनी सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठात नवीन लग्न झालेल्या जोडप्यांना एका फ्लॅटसारख्या लॅबमध्ये राहायला बोलावलं आणि त्यांचं साधं रोजचं बोलणं बारकाईने टिपलं. त्यांना दिसलं की माणसं दिवसभर एकमेकांकडे लहान लहान हाका टाकत असतात. 'बघ काय पाऊस पडतोय', 'आज पाठ दुखतेय', 'हे ऐकलंस का'. त्यात माहिती काही नसते, मागणी एवढीच की जरा माझ्याकडे बघ. सहा वर्षांनी तपासलं तेव्हा जी जोडपी टिकली होती त्यांनी अशा हाकांना १०० पैकी ८६ वेळा ओ दिली होती, जी मोडली त्यांनी ३३ वेळा. रील, गिफ्ट, अॅनिव्हर्सरीचा केक याचा त्यात संबंध नव्हता.

'जेवलीस का' ही तशीच हाक आहे. आपल्याकडच्या पुरुषांना, त्यातून बोटीवरच्या, मन बोलून दाखवायला कुणी शिकवलेलंच नसतं हो. क्रूझवर आठवड्याची सुट्टी नसते, महिनोन्महिने रोज ड्युटी, केबिन दुसऱ्याबरोबर शेअर, नेट मिळेल तेव्हा मिळेल. त्यातून काढलेल्या तीन मिनिटांत तो तुमच्या पोटाची चौकशी करतो. तुम्ही त्याला उत्तर काय देता? "हो" एवढंच का? एकदा सांगून बघा की आज बांगड्याचं हुमण केलेलं, तुझी आठवण झाली, तू काय खाल्लंस, कुणाबरोबर बसलास. हाक दोन्हीकडून जावी लागते.

आता अबोला. इथे मी तुम्हाला समजून घ्या वगैरे सांगणार नाही. भांडणात काही माणसं खरोखर बंद पडतात, छाती धडधडते, नाडी १००च्या वर जाते, कानात शब्द शिरत नाहीत. गॉटमननीच हेही मोजलं होतं, आणि अशा वेळी उतरायला निदान वीस मिनिटं द्यावीत असं ते सांगतात. तर वीस मिनिटं घ्यावीत, तासभर घ्यावा, बाजारात फेरी मारून यावी. पण चार दिवस म्हणजे शांत होणं नव्हे. तो तुमच्या 'नाही'ला लावलेला दंड आहे. आणि दंड चालू राहिला की बाई काय करते, पुढच्या वेळी मनात नसताना हो म्हणते, सासूकडे जाते, तोंड पाडून बसते, आणि घरात शांतता आहे असं सगळ्यांना वाटतं. अशी शांतता मला भांडणापेक्षा जास्त घातक वाटते.

यावर बोलायचं ते भांडणाच्या दिवशी नाही. तो साईन ऑफ व्हायच्या आधीच, बोटीवर असतानाच एखाद्या बऱ्या दिवशी सांगा, अगदी या शब्दांत : "तुला राग आला तर तासभर नको बोलूस, पण जाताना सांगून जा की रात्री बोलूया, आणि रात्री बोल. चार दिवस तू गप्प राहिलास की मला या घरात एकटं पडल्यासारखं होतं." त्याच्या आईबद्दल एक शब्द मध्ये आणू नका, नाहीतर सगळं बोलणं तिकडे वाहत जाईल.

अजून एक, बोटीवरच्या माणसांच्या घरात हे हटकून होतं आणि त्यावर कुणी बोलत नाही. नऊ महिने गॅस, शाळेची फी, छप्पराची गळती, सासऱ्यांचं डॉक्टर, सगळं तुम्ही एकटीने केलेलं असतं. तो येतो तेव्हा घर त्याच्याशिवाय चालतंय हे त्याला दिसतं. त्याला जागा हवी असते आणि तुम्हाला विश्रांती हवी असते आणि दोघंही ते न बोलता रविवारी कुठे जायचं यावर भांडतात. तो येतो त्या पहिल्या आठवड्यात नातेवाईकांकडे जेवणावळी ठेवूच नका. पोरीला शाळेत सोडणं, आणणं, मासळी आणणं ही कामं त्याला सरळ देऊन टाका आणि मग तो कशी करतो ते बघायला जाऊ नका. रविवारचं म्हणाल तर दोनदा सासूबाई, एकदा तुमचं माहेर, एकदा तुम्ही तिघंच, असं काहीतरी ठरवा. सगळं सुटणार नाही. गॉटमनच्या हिशोबाने जोडप्यांमधली साधारण दोन तृतीयांश भांडणं कधीच पूर्ण मिटत नाहीत, चांगल्या सुखी जोडप्यांचीसुद्धा. फरक एवढाच की ती त्याच विषयावर एकमेकांचा अपमान न करता परत परत बोलत राहतात.

"ताई मी २७, केप्याची, बँकेत आहे. घरच्यांनी ठरवलेलं लग्न, मलाही मुलगा पसंत होता. सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही झाली, दुसरी पुढच्या महिन्यात. आता तो फोनचा आणि इन्स्टाचा पासवर्ड मागतोय, म्हणतो प्रेमात लपवायचं काय असतं. मी नाही म्हटलं तर म्हणाला मग नक्कीच काहीतरी आहे, आणि रात्री बाबांना फोन करून सांगितलं की तुमची मुलगी माझ्यावर विश्वास ठेवत नाही. नंतर सॉरी म्हणाला, रडला, म्हणाला तुला गमवायची भीती वाटते. आई म्हणते सही झाली म्हणजे लग्न झालंच, आता नाटकं नकोत. मी काय करू?"

आधी आईचं. पहिली सही म्हणजे लग्न नव्हे. आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा सिव्हिल कोड चालतो, त्यात पहिली सही ही लग्न करण्याचा इरादा आहे एवढं जाहीर करण्यासाठी असते. मग नोटीस लागते, कुणाला हरकत घ्यायची तर मुदत असते, आणि त्यानंतर साक्षीदारांसमोर दुसरी सही झाली की लग्न पूर्ण. हे दोन टप्पे ठेवलेत ते मधल्या काळात विचार करता यावा, काही आडवं येत असेल तर कळावं म्हणूनच ना. आपल्या गावागावात पहिल्या सहीलाच लग्न समजायची सवय पडलीय आणि तिच्यापायी मुली अडकतात, हे मी अनेक वर्षं ऐकतेय आणि दर वेळी जीव तुटतो. कायद्याने तू आज मोकळी आहेस.

दुसऱ्या सहीनंतर मात्र बरंच बदलतं. आधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता, लग्नाआधीची आणि नंतरचीसुद्धा, एकत्र होते, अर्धी तुझी अर्धी त्याची, कागदावर नाव कुणाचंही असो. उद्या एखादी जमीन किंवा फ्लॅट विकायचा तर दोघांची सही लागते. तो वेगळा करार लग्नाआधीच करावा लागतो, नंतर नाही. म्हणजे आपला कायदा नवरा-बायकोला बरोबरीचे भागीदार धरतो, आणि हा मुलगा लग्नाच्या आधीच तुझ्या वडिलांकडे तुझी तक्रार घेऊन गेला. मला पत्रातली सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट तीच आहे, पासवर्डपेक्षाही. तुझ्याशी मतभेद झाला तर तो तुझ्याशी बोलायला हवा होता.

त्याची भीती खोटी असेल असं मी म्हणत नाही. इंग्लंडचे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या मेरी एन्सवर्थ यांनी लहान मुलांवर दाखवून दिलं की ज्या मुलाला आई परत येणारच याची खात्री असते ते बिनधास्त लांब जाऊन खेळतं, ज्याला नसते ते चिकटून राहतं. १९८७ मध्ये सिंडी हाझन आणि फिलिप शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी हेच मोठ्यांच्या प्रेमात आहे का ते बघायला अमेरिकेत डेन्व्हरच्या एका दैनिकात वाचकांसाठी प्रश्नावली छापली (आपल्यासारखंच वाचकांचं सदर म्हणा). निम्म्याहून थोडे जास्त लोक सुरक्षित निघाले, पाचातला साधारण एक जण सतत सोडून जाण्याच्या भीतीत जगणारा, बाकीचे जवळीक टाळणारे. तर तुझा होणारा नवरा कदाचित त्या भीतीवाल्यांत असेल. अशी माणसं वाईट नसतात, बदलूही शकतात, विश्वासू सोबत मिळाली, स्वतः मेहनत घेतली, काउन्सेलिंग घेतलं की बदलतात. पण स्वतःची भीती सांभाळणं हे काम त्याचं आहे. तुझा फोन त्याच्या हातात देऊन ती जाणार नाही, पुढे ऑफिसातले कलीग, मग मैत्रिणी, मग माहेरी किती वेळ थांबलीस इथपर्यंत येईल.

त्याला भेट. फोनवर नको, एकटीने लांबही नको, कुठेतरी चार माणसं असतील तिथे चहाला बसा. शांतपणे सांग की पासवर्ड मी देणार नाही, याचा अर्थ माझं कुणाशी काही आहे असा नाही, आणि आपल्यातलं बाबांकडे नेलेलं मला आवडलं नाही. मग ऐक. त्याला वाईट वाटेल, वाटू दे. त्याने दोन प्रश्न विचारले, गप्प झाला, दोन दिवसांनी येऊन बरं म्हणाला आणि नंतर खरंच विषय काढला नाही तर माणूस शिकतोय, तरीही मी म्हणेन की दुसरी सही पुढे ढकल. पण लग्न मोडायची धमकी दिली, परत रडला आणि रडून झाल्यावर परत तेच मागितलं, परत घरी फोन केला, तर ती दुसरी सही करू नकोस. हॉल बुक झाला, पत्रिका छापल्या, लोक काय म्हणतील, हे सगळं चार महिन्यांत विसरलं जातं. धमक्या किंवा अंगावर धावून येणं असं काहीही झालं तर १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. आणि आईला हा मजकूर वाचायला दे.

"मी ५८ वर्षांचा, डिचोलीचा. २०१८ ला खाण बंद पडल्यापासून छोटं दुकान चालवतो. मुलगी नर्स आहे, सासष्टीतल्या एका कॅथलिक मुलाशी लग्न करायचं म्हणते. आम्ही नाही म्हटलं. तिने ऐकलं नाही, हिने, म्हणजे बायकोने, तर तिच्याशी बोलणंच टाकलंय. आम्ही कर्ज काढून शिकवलं तिला. आमच्यावर प्रेम असतं तर ऐकलं नसतं का?"

दादा, तुमचं पत्र वाचून त्यातला थकवा कळला. खाण बंद झाल्यावर डिचोलीतल्या घरांनी काय सोसलं ते या भागातल्या सगळ्यांना माहीत आहे, त्यात मुलीला नर्स केलंत.

पण तुमचं 'नाही' आणि तिचं 'नाही' एका मापाचं नाही. तिच्या आयुष्याबद्दलचं तुमचं म्हणणं हे मत आहे, काळजी आहे, तिने ते ऐकून घेतलंच पाहिजे. निर्णय मात्र तिचा. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच एकापेक्षा जास्त निकालांत सांगितलंय की सज्ञान माणसाने जोडीदार निवडणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या हक्काचा भाग आहे, आईवडिलांची परवानगी त्यात लागत नाही. आणि गोव्यात तर दोघांचा धर्म वेगळा असला तरी तेच रजिस्ट्रार ऑफिस, त्याच सह्या, धर्म बदलायला कायदा कुणालाच सांगत नाही.

तुम्ही विचारायला हवेत ते प्रश्न वेगळेच आहेत. मुलगा कसा आहे, राग आला की कसा वागतो, दारू किती, तिची नाइट ड्युटी त्याच्या घरी चालणार का, धर्म बदल म्हणून कुणी तिच्या मागे लागलंय का, चवथीला, म्हणजे गणपतीला, तिला घरी यायचं तर काय, पुढे मुलांची नावं काय ठेवणार. हे सगळं विचारा, मुलासमोर बसून विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण त्यासाठी तिला घरात घ्यावं लागेल, आणि बोलणं टाकलेल्या घरात ती कसली यायची. आज तिला काही अडचण आली तर ती तुम्हाला फोन करेल का, याचा विचार वहिनींना करायला सांगा. तिने तुमच्या मनाविरुद्ध काहीतरी ठरवलं आणि तरी घरी येऊन तोंडावर सांगितलं, पळून गेली नाही. तुमच्यावर विश्वास नसता तर सांगितलं नसतं.

"मी ६६ वर्षांची, म्हार्दोळ. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. भजनी मंडळात एक सद्गृहस्थ आहेत, त्यांचीही पत्नी वारली. आम्हाला लग्न करायचं नाही, पण एकमेकांची सोबत हवीशी वाटते. मुलगा बेंगलोरला, मुलगी पुण्याला. विषय काढला तर मुलगा म्हणाला आई या वयात हे शोभत नाही. या वयात हे प्रेम असतं का?"

असतं मावशी. वयाची अट कुठेच नाही.

मुलगा नाही म्हणतोय ते दोन गोष्टींना घाबरून असेल. एक म्हणजे वडिलांची जागा कुणी घेतंय असं त्याला वाटत असेल, आणि दुसरी, जी तो तोंडाने बोलणार नाही, ती म्हणजे घर. म्हणून दोन्ही वेगळी करा. यजमानांच्या मागे कागदपत्रांचं, इन्व्हेंटरीचं (वारसांत मालमत्ता वाटून देण्याच्या प्रक्रियेचं) राहिलं असेल तर आधी वकिलाकडे जाऊन ते करून घ्या. गोव्यात तुमचा अर्धा हिस्सा तुमचाच राहतो, यजमानांच्या अर्ध्यावर मुलांचा हक्क येतो, आणि तुमच्या हिश्श्यातलाही अर्धाच भाग तुम्ही मृत्युपत्राने हव्या त्या माणसाला देऊ शकता, उरलेला मुलांकडे जातोच. हे मुलाला कागदावर दिसलं की त्याचा अर्धा ताण उतरेल. त्या गृहस्थांनीही आपल्या घरी हेच करावं.

मग मुलीशी आधी बोला, ती बहुतेक लवकर समजेल. परवानगी मागायच्या सुरात नको, सांगायच्या सुरात. बाबांबद्दल जे वाटतं ते तसंच आहे, हेही सांगा, कारण ते खरं आहे आणि त्यांना ऐकायची गरज आहे. मुलगा काही दिवस रुसेल, तेव्हा त्याला रोज फोन चालू ठेवा आणि या विषयावर वाद घालू नका. फक्त चवथीची वाट बघू नका, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, माटोळीखाली सगळे जमलेले असताना असा विषय निघाला की काकापासून चुलत भाच्यापर्यंत प्रत्येक जण मत देतो. त्याच्या आधीच एखाद्या शनिवार-रविवारी मुलाला एकट्याला बोलावून घ्या.